चुण्यांची बाजू

(हॅम्ट्रॅमिक, मिशिगन. जुन्या लाकडी घराचं तळघर, मार्चमधल्या शनिवारची दुपार. पंचाहत्तरीचा कझिमिर शिडीच्या दुसऱ्या पायरीवर. खाली त्याची सून लिडिया, लेकीच्या वतीनं त्याला पोलिशमध्ये ‘जाजा’, म्हणजे आजोबा, म्हणणारी; हातात पत्र्याचा पाइप.)

कझिमिर : नीट धर. नुसता हात लावून उभी राहिलीस तर मला कशाला हवीस? खिळा पुरे.

लिडिया : धरलाय, जाजा. पण तुम्ही याच्या वरच्या पायरीवर जाऊ नका. पाचला मार्टिन येतोय, वरचं काम त्याला करू दे.

कझिमिर : मार्टिन काल रात्रीपासून इंजिनं जोडतोय. दोन पाळ्या करून आलेल्या पोराला शिडीवर चढवायचं आणि बापानं खुर्चीत बसून बघायचं. स्क्रू दे. तो नको, तो लाकडाचा. बारका, टोकदार. कॉलेजात स्क्रू शिकवत नाहीत वाटतं.

लिडिया : नाही शिकवत. हा घ्या. योला झोपलीय नजमाकडे. आत्ताच विचारलं.

कझिमिर : दहा मिनिटांपूर्वीही विचारलं होतंस.

लिडिया : तेव्हा ती जागी होती.

कझिमिर : आठ महिन्यांची पोर तीन घरं पलीकडे नेऊन ठेवलीस. इथं काय बाँब बनवतोय आपण?

लिडिया : ही पाणी तापवायची गॅसची टाकी पेटवून बघेपर्यंत ती मला या घरात नकोय. म्हणजे, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण गुरुवारी मी तिला न्हाऊ घालत होते, जाजा, आणि तो विषारी वायूचा अलार्म वाजायला लागला. तुम्ही म्हणालात सेल संपलाय. सेल बदलला तरी थांबेना, तर म्हणालात यंत्रच भिकार आहे. मी तिला ओल्या टॉवेलात गुंडाळून बाहेर बर्फात उभी होते आणि खिडकीतून बघत होते, तुम्ही खुर्चीवर चढून अलार्म भिंतीतून उपटत होता.

कझिमिर : उपटला खरा.

लिडिया : बंबवाले आले नसते तर आपण पुन्हा आत जाऊन जेवायला बसलो असतो. त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं दुखत होतं. मला वाटलं, झोप नाही म्हणून.

कझिमिर : तीन दिवस तेच तेच ऐकतोय मी. टाकी बंद केली, आता पाइप बदलतोय. अजून काय करू? मोठ्या पातेल्यात पाणी तापवून घ्यावं लागतं, त्याचाही जाच मलाच आहे. माझी दाढी झाली नाही.

लिडिया : मला एकच कळत नाही. टाकी तीच, धुरांडं तेच. नऊ वर्षं काही झालं नाही. मग याच हिवाळ्यात धूर खाली का उतरायला लागला?

कझिमिर : हा पुढचा तुकडा दे, सांगतो. धुरांडं म्हणजे घसा. विटांचा, एवढा रुंद. त्यात दोघं फुंकायचे, घर तापवायची भट्टी आणि ही पाण्याची टाकी. भट्टी दांडगी. तिच्या उबेनं घसा गरम राहायचा, त्यात टाकीचा धूर आयताच वर चढायचा. नवी भट्टी ही अशी, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपातून थेट भिंतीबाहेर श्वास सोडते. धुरांड्याशी तिचा संबंध तुटला. टाकी एकटी पडली. तिच्या एवढ्याशा फुंकरीनं तो घसा तापत नाही. धूर अर्ध्या वाटेवर गार होतो आणि परत खाली येतो. आमच्या धंद्यात अशा टाकीला पोरकी म्हणतात.

लिडिया : म्हणजे हे धंद्यातल्या माणसाला माहीत असतं.

कझिमिर : पहिल्या वर्षी शिकवतात. पाना दे.

लिडिया : नोव्हेंबरात भट्टी तुम्ही बसवलीत.

कझिमिर : पाना, लिडिया.

लिडिया : घ्या.

कझिमिर : म्हणूनच काल मार्टिनला छपरावर चढवून त्या घशात ही बारीक नळी सोडली. अॅल्युमिनियमची. टाकीपुरती मापात, लवकर तापते. आता टाकीपासून नळीपर्यंत हा पाइप जोडला की झालं. एका माणसाचं काम आहे. चाळीस वर्षं पत्रा ठोकला मी. या शहरातल्या अर्ध्या शाळांच्या छताआड माझे पाइप आहेत.

लिडिया : परवाना मी काढलाय. बुधवारी तपासनीस येणार आहे.

कझिमिर : माझं काम तपासायला.

लिडिया : कोणाचंही तपासतात. तो नियमच आहे. मला जरा सांगा ना, कसं जोडायचं असतं. मी लिहून घेते.

कझिमिर : लिहून? बरं, लिही. एक. पाइप आडवा झोपवायचा नाही. टाकीपासून धुरांड्याकडे चढता पाहिजे, फुटामागे पाव इंच. निदान. दोन. जोड आला की तीन स्क्रू. एक नाही, दोन नाही. तीन. नाहीतर भट्टीच्या हादऱ्यानं सुटतं. तीन. पाइपच्या एका तोंडाला चुण्या पाडलेल्या असतात, बघ, स्कर्टला असतात तशा. ते तोंड बारीक होतं आणि पुढच्या पाइपात शिरतं. ते कायम धुरांड्याच्या बाजूला. धूर जाईल तिकडे. उलटं बसवलं तर धूर जोडावर अडखळतो, फटीतून घरात येतो.

लिडिया : धूर जाईल तिकडे. लिहिलं.

कझिमिर : कशावर लिहिलंस?

लिडिया : फोनच्या बिलाच्या पाकिटावर.

कझिमिर : शाबास. चाळीस वर्षांचा धंदा, पाकिटाच्या पाठीवर मावला. कोपऱ्याचा तुकडा दे. सोमवारी कामावर किती वाजता निघणार तू?

लिडिया : नऊला उघडते लायब्ररी. साडेआठला निघावं लागेल.

कझिमिर : योलाची बाटली कशी गरम करायची ते मला पुन्हा सांगत बसू नकोस. मी मार्टिनला वाढवलंय. म्हणजे, त्याच्या आईनं, हेलेननं वाढवलं, पण मी तिथंच होतो. सकाळी तिला ढकलगाडीत घालून बेकरीपर्यंत नेईन. तिथल्या बाईला दाखवायचीय. मग चर्चच्या पायऱ्यांवर ऊन असतं, तिथं थोडं बसू. एक वाजता झोपते ना?

लिडिया : साडेबाराला.

कझिमिर : साडेबारा. लक्षात आहे. हेलेन गेल्यापासून मी एक वाजता काय करत असतो, ठाऊक आहे? फ्रीजचा आवाज ऐकतो. आता माझं काम ठरलं. तू का गप्प?

लिडिया : गप्प नाही. पाइप धरलाय.

कझिमिर : सोमवारचं ठरलंय ना?

लिडिया : आधी हे होऊ दे.

कझिमिर : हे म्हणजे काय? हे तर झालंच. हा एक जोड आणि वरचा. ड्रिल दे. पत्र्याला हात लावू नकोस, कापेल.

लिडिया : जाजा.

कझिमिर : थांब. एक स्क्रू. दोन. हा तिसरा आळशी आहे. हां, गेला.

लिडिया : जाजा, चुण्या कुठल्या बाजूला म्हणालात?

कझिमिर : लिहिलंयस ना. वाच.

लिडिया : धुरांड्याकडे. धूर जाईल तिकडे.

कझिमिर : मग?

लिडिया : या जोडाच्या चुण्या टाकीकडे आहेत.

कझिमिर : बरोबरच आहेत. खालीच पाहिजेत. वरून डांबर ओघळतं ते पाइपच्या आतूनच चुलीत पडलं पाहिजे. नाहीतर सगळं जोडावर येतं, भिंतीवर काळे ओघळ, आई दिवसभर घासत बसते.

लिडिया : कसलं डांबर?

कझिमिर : लाकडाचं. कोळशाचं. चुलीच्या पाइपाला असंच असतं, चुण्या खाली. बाप हातावर पट्टी मारायचा मला, उलटं लावलं तर.

लिडिया : ही गॅसची टाकी आहे, जाजा.

कझिमिर : गॅसची.

लिडिया : मी फक्त विचारलं. म्हणजे, मला काही यातलं कळत नाही. पाकिटावर लिहिलंय तेवढंच.

कझिमिर : शिडी धर. उतरतो.

लिडिया : सावकाश. इथं बसा, या डब्यावर. पाणी आणू?

कझिमिर : पाणी नको. तू पाइप धरायला नव्हती आलीस.

लिडिया : पाइप धरायलाच आले.

कझिमिर : पाइप दोरीनं बांधूनही धरता येतो. तुला मला पारखायचं होतं. सगळं वदवून घेतलंस आणि मग एकेक जोड ताडून बघितलास. मी शिकाऊंना असंच करायचो. आधी सांगायला लावायचं, मग करायला लावायचं. तोंड आणि हात जुळले तर ठेवायचा, नाही तर घरी पाठवायचा.

लिडिया : तसं नाही, जाजा.

कझिमिर : खोटं बोलायचा प्रयत्न करू नकोस. तुला जमत नाही.

लिडिया : हो. बघायला आले होते. तीन दिवस मला झोप नाही, जाजा. मला असं करायचं नव्हतं. पण मी सोमवारी साडेआठला या घराचं दार ओढून घेणार आणि आत ती असेल. ती सांगू शकत नाही काही. डोकं दुखतंय हेसुद्धा सांगू शकत नाही. मी मार्टिनशी बोलले, तर तो म्हणतो, बाबांना काही झालेलं नाही, तू काळजीखोर आहेस. मी आहेच काळजीखोर. माझी आई म्हणते, मी पाळण्यात असल्यापासून तशी आहे. मग मला कळेनासं झालं, की मला दिसतंय ते खरं आहे का माझाच स्वभाव आहे.

कझिमिर : काय काय दिसलं तुला?

लिडिया : सोडा ना.

कझिमिर : सांग. पाकिटावर लिहिलेलं नसलं तरी चालेल.

लिडिया : गुरुवारचा अलार्म. योलाला दोनदा मार्टिन म्हणालात, ते काय, कोणीही म्हणेल. आणि कालचे मासे. ईस्टरआधीचा शुक्रवार, मांस वर्ज्य म्हणून चर्चच्या हॉलमधून मासे आणायला गेलात, चार गल्ल्यांवर, आणि आलात पावणेदोन तासांनी. म्हणालात, स्ताश भेटला, गप्पा झाल्या. स्ताश ईस्टरपर्यंत मुलीकडे फ्लोरिडाला गेलाय. त्याच्या बायकोनंच मला दुकानात सांगितलं होतं.

कझिमिर : मासे गारढोण होते.

लिडिया : ते मी ओव्हनमध्ये गरम केले. त्याचं काही नाही.

कझिमिर : मी जुन्या घरी गेलो होतो. रेल्वेच्या पलीकडचं, जिथं मी लहानाचा मोठा झालो. मुद्दाम नाही गेलो. पाय गेले. दाराला किल्ली लावत होतो आणि ती लागत नव्हती, तर मला राग आला, की आईनं कुलूप कधी बदललं. आतून एक माणूस आला. येमेनचा. आता तो राहतो तिथं. ओरडला नाही. मला पायरीवर बसवलं, माशांचं पुडकं माझ्या हातून घेऊन बाजूला ठेवलं, चहा आणला. इतकी साखर की चमचा उभा राहील. मी चहा संपवेपर्यंत तो शेजारी नुसता बसून होता. मग म्हणाला, चला, मी तुमच्याबरोबर चालतो. कोपऱ्यापर्यंत आला. चर्चचं टोक दिसलं आणि मला सगळं परत कळायला लागलं.

लिडिया : आम्हाला का नाही सांगितलंत?

कझिमिर : सांगितलं असतं तर सोमवार गेला असता. आणि नोव्हेंबरचं विचारलंस ना मघाशी. मी पाना मागितला. आता सांगतो. जुनी भट्टी काढत होतो तेव्हा ही टाकी माझ्या समोर होती, हाताच्या अंतरावर. हातोडी ठेवायला मी तिचंच डोकं वापरत होतो. दिवसभर. एकदाही मनात आलं नाही, की हिचा धूर आता कुठे जाणार. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याची अवजारं रस्त्यावर फेकली असती. एकाची फेकली होती. त्यानं तर फक्त दोन स्क्रू मारले होते.

लिडिया : काही झालं नाही, जाजा. आम्ही सगळे ठीक आहोत.

कझिमिर : नशीब म्हणून. तुझ्या काळजीखोरपणानं म्हण हवं तर. तो अलार्म कोणी आणला होता? मी म्हणालो होतो, बायकांना दुकानदार घाबरवून वस्तू विकतात.

लिडिया : हो, म्हणाला होतात. हा तुकडा काढायचा ना आता?

कझिमिर : काढायचाच. तू चढ.

लिडिया : मी?

कझिमिर : मी खालून सांगतो. पण मी सांगितलं म्हणून करू नकोस. आधी पाकीट बघ. जुळलं तर कर. नाही जुळलं तर मला विचार. मला राग आला तरी विचार.

लिडिया : बरं. तिन्ही स्क्रू काढते. हा आळशी इथंही आळशीच आहे.

कझिमिर : उलटं फिरव. हां. आता जोड पिळून सोडव, ओढू नकोस. हातमोजे घाल आधी.

लिडिया : निघाला. आता चुण्या धुरांड्याकडे. असं?

कझिमिर : पाकीट काय म्हणतं?

लिडिया : असंच म्हणतं.

कझिमिर : मग मला का विचारतेस? ठोक. तळहातानं, मुठीनं नको. आत गेला की दीड इंच दिसेनासा झाला पाहिजे. आता लेव्हल लाव.

लिडिया : बुडबुडा धुरांड्याच्या बाजूला सरकलाय. रेघेच्या पलीकडे.

कझिमिर : मग ती बाजू उंच आहे. तसंच पाहिजे. वरचा पट्टा आवळ, म्हणजे खाली बसणार नाही. स्क्रू.

लिडिया : एक. दोन. तीन.

कझिमिर : आता नळीच्या तोंडाचा जोड. तोही बघ. तो सकाळी मी एकट्यानं केलाय.

लिडिया : तो बरोबर आहे.

कझिमिर : नीट बघ.

लिडिया : नीटच बघितलं, जाजा. चुण्या पलीकडे आहेत, स्क्रू तीन आहेत. तो अगदी बरोबर आहे.

कझिमिर : हं. म्हणजे सकाळी बरा असतो मी. उतर आता. वर जाऊन स्वयंपाकघरातला धूर ओढायचा पंखा लाव, न्हाणीघरातला लाव, कपडे वाळवायचं यंत्र लाव. खिडक्या बंद. घरातली हवा ओढणारं जे जे आहे ते सगळं चालू पाहिजे. अशा वेळी धूर खाली आला नाही, तर कधीच यायचा नाही. मी गॅस सोडून पेटवतो.

लिडिया : तुम्ही थांबा. मी लावून येते, मग दोघं पेटवू.

कझिमिर : बरं. दोघं.

लिडिया : आले. सगळं चालू केलं. नवे दोन्ही अलार्मही बघितले, हिरवा दिवा आहे. नजमाचा फोन आला होता. उठलीय, केळं खातेय.

कझिमिर : हे बटण दाबून धर. मी काडी दाखवतो. पेटली. आता पाच मिनिटं थांबायचं. लगेच बघितलं तर काही कळत नाही, पाइप गार असतो.

लिडिया : पाच मिनिटं.

कझिमिर : घड्याळ बघत बसू नकोस. ते पळत नाही त्यानं. इर्का कशी आहे?

लिडिया : इर्का मावशी? बरी असेल. मार्टिन जातो अधूनमधून. का?

कझिमिर : हेलेन गेल्यावर तिनं माझी सगळी कपाटं उलटीपालटी लावली. बहिणीच्या दुःखात बाई भांडी लावत सुटली. मला अजून मीठ सापडत नाही. म्हटलं, पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकू नकोस. टाकलं नाही तिनं.

लिडिया : मीठ चुलीशेजारच्या कपाटात आहे, जाजा. आधीपासून तिथंच आहे.

कझिमिर : मला वाटलंच होतं गेल्या काही दिवसांत. झाली पाच मिनिटं?

लिडिया : सहा.

कझिमिर : काडी पेटव. टाकीच्या डोक्यावर ती पत्र्याची टोपी आहे ना, तिच्या कडेला धर. ज्योत बघ. बाहेर झुकते का आत ओढली जाते?

लिडिया : आत. आत ओढली जातेय. विझली आणि धूरसुद्धा आतच गेला.

कझिमिर : दुसऱ्या बाजूनं.

लिडिया : आत.

कझिमिर : झालं मग. छान काम केलंस. तपासनिसाला सांग, तूच केलंयस. मला सही करायला लावू नकोस.

लिडिया : दोघांनी केलं.

कझिमिर : तुला आता सोमवारचं बोलायचंय आणि कसं बोलावं ते कळत नाहीये.

लिडिया : मला दोन आठवडे रजा वाढवून मिळेल कदाचित. मी विचारते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, म्हणजे…

कझिमिर : रजा नको वाढवूस. नोकरी जाईल. आणि तू घरी बसून मला बघत राहशील, दोघांचंही डोकं फिरेल. पोर माझ्याकडे एकटी ठेवायची नाही. हे मी म्हणतोय, तू नाही. मार्टिन आला की त्यालाही मीच सांगेन. तू सांगितलंस तर तो तुझ्यावर चिडेल, माझ्यावर नाही चिडायचा.

लिडिया : जाजा…

कझिमिर : रडायचं असेल तर वर जाऊन गरम पाण्यानं तोंड धू. येतंय आता. पण आधी तुझा फोन दे. आणि इर्काचा नंबर लावून दे.

लिडिया : मी बोलू का तिच्याशी?

कझिमिर : तू नको. तिला मी घालवलं होतं. … इर्का? मी कझिक. … नाही, कोणी गेलं नाही, सगळे बरे आहेत. … हो, दोन वर्षं झाली, मोजता येतं मला. … ऐकून घे जरा. सोमवारी सकाळी साडेआठला घरी येशील? मग रोजच. लिडिया कामावर जायला लागतेय. … हो, पोरीला सांभाळायला. … हो. आणि मला.